सातचं पानी

दूध आनाले गेले सायेब, दूध आनाले — मंगाशी मी आंघोळ म्हनलं का? म्हनलं असन. सकाळची घाई असते, तोंडात येईन ते बोलून जाते मानूस. आंघोळ झाली यायची कवाचीच, मंग दूध आनाले गेले. येतीनच. तुमी बसा न — त्या खुर्चीवर नोका बसू, तिचा पाय डुगडुगते, इकडं पेटीवर बसा. उभे काहून? ठेकेदाराचा मानूस घरी यावा अन् उभ्याउभी जावा, हे काही बरं दिसते? नवे सुपरवायझर आले म्हनून सांगत होते आमचे हे — इंगोले सायेब न तुमी? पाहा, बरोबर आठवलं मले. चहा ठेवलाच हाय. ते दूध? गंजातलं? ते कालचं हाय जी, जरासं उरलं होतं, आजचं आनाले गेले ते. किती वाजले? साडेसहा होऊन गेले न? नाही नाही, मले काय घाई, मले कुठं जाचं हाय! सातला रेनुका कॉलनीत पानी सोडाचं असते, म्हनून म्हनलं. सोडतीन न हे. दुधाची पिशवी घेऊन परस्पर तिकडंच गेले असतीन. असं करा न सायेब, तुमी दुपारी या. दोन-तीन वाजता या, मंग पाहा कसे भेटतेत, कसा कडक हात मिळवतेत तुमच्याशी. नाही? आताच भेटाचं हाय?

तक्रार आली म्हनता. कोनाची — नाव नाही सांगत? नोका सांगू, समजलं मले. महादेवराव. कोपऱ्यावरच्या घरातले. रिटायर झाल्यापासून गॅलरीत बसून सारा रस्ता मोजत राह्यतेत. काय म्हनले ते, पानी कमी येते? नाही? मंग टाइमावर येत नाही? तेबी नाही? बाई? कोनती बाई? — बाई कशी व्हॉल्व फिरवीन सायेब, तुमीच सांगा. ती चावी पाह्यली का तुमी कवा? माया छातीपर्यंत येते, निरा लोखंड, वरून आडवा दांडा. गड्याच्या कमरेत उसन भरते तिनं. तुमच्या कागदावर शालिकराम भोपळे, व्हॉल्वमन, असं लिहेल हाय न? मंग शालिकराम भोपळेच फिरवतेत. मी एखांद्या दिवशी मफलर द्याले गेली असन, डबा द्याले गेली असन, तेवळंच पाह्यलं असन त्या मानसानं. चष्मा केवळा जाड हाय त्याचा… काय? हाक? मले नाही आली ऐकू. शेजारचे असतीन, भिंत एकच हाय न दोन घरायले. पौर्णे म्हनून? — शेजारी काहून घेतीन मायं नाव, तेबी खरंच हाय… कोनी नाही जी! कोनी नाही आलं, पडा तुमी!

…

हाव. घरातच हायेत.

आता असं पाहू नोका मायाकडं. दारू नाही पेत ते. तुमच्या मनात तेच आलं न? सगळ्यायच्या मनात पहिले तेच येते — मानूस सकाळी कामावर दिसत नाही म्हंजे रात्री पेला असन. अन् यायची गंमत आयका, यायले तेच बरं वाटते. दारुड्या म्हनू दे म्हनतेत लोकाईले, पन मायाच्यानं होत नाही हे कोनाले सांगू नोको. असा मानूस हाय. मी सांगितलं तं आता राग येईन त्यायले, पन तुमी पेटीवर बसून राहिले, घड्याळ चालून राहिलं, अन् मले सुचून नाही राहिलं दुसरं काही.

चिकनगुनियाची साथ आलती ते वरीस आठवते तुमाले? सारं अकोला लंगडत होतं. हे तवा एमआयडीसीत दाळ मिलमधी होते, पॉलिशच्या मशीनवर. ताप आला, उतरला, सांधे धरले — सगळ्यायचेच धरले होते, कोनी काही मनावर घेतलं नाही. मंग हळूहळू सगळे बरे झाले अन् हे राह्यले. सकाळी उठले का बोटं मिटतच नाहीत, काड्या बांधल्यासारखी ताठ. मनगटं सुजलेली. लगन होऊन इतकी वर्सं झाली अन् तवा मी नवऱ्याच्या शर्टाची बटनं लावाले शिकली, बोला. तेल झाले, काढे झाले, कौंडण्यपूरच्या जत्रेतून एक वास मारनारं औषध आनलं ते झालं. शेवटी डॉक्टर म्हने संधिवात हाय. म्हातारपनाचा नाही, हा वेगळा, आपलंच रक्त आपल्या सांध्यायवर उठते. आठवड्यातून एक दिवस घ्याची गोळी देली, मधात मधात रक्त तपासा म्हने. मी इचारलं, बरा कवा होईन? तं म्हने, बाई, हा सोबत राह्यन. सोबत! पाव्हनाच आला न जसा.

अन् या रोगाची खोड कशी हाय पाहा. सकाळी मानूस लाकूड. दहा वाजले, अकरा वाजले का हळूहळू सैल पडाले लागते. दुपारी तुमी यायले भेटले तं म्हनान, याले काय धाड भरली? चांगला धडधाकट तं हाय! तेच तं वाईट हाय सायेब. चोवीस तास झोपून असता तं लोकाईनं मानलं असतं. मिलमधी तेच झालं. सकाळच्या पाळीत हातातून पोतं सुटे, अन् दुपारी हाच मानूस दोन मानसायचं काम करे. मुकादम म्हने, शालिकराम, सकाळी नाटक करतं का बे? शेठ चांगला होता, त्यानं शर्टाचं कापड देलं अन् म्हने, घरी आराम कर. काढून टाकतो नाही म्हनला, आराम कर म्हनला. घरी येऊन ते कापड यायनं मायाकडं देलं अन् म्हनले, शेठनं बक्षीस देलं. नोकरी गेली हे मले आठ दिवसानं दुसऱ्याच्या तोंडून समजलं.

मंग अमरावतीले माया भावानं एका मंगल कार्यालयात चौकीदार लावून देलं. म्हनलं चौकीदाराले काय हातानं कराचं असते? पन गेट होतं न तिथं. भल्लं मोठं गेट, अन् त्याची कडी जाम. रोज सकाळी झाडनारी बाई ये, तिच्याकडून उघडून घेत — तिले काय म्हनत माहीत हाय? बाई, तू नवी हायस, गेटाचं काम शिकून घे! हासून राहिले न तुमी? मीबी हासली होती. पन एक दिवस ती बाई आलीच नाही, अन् वरात आली. सकाळची वरात, बँड, घोडा, नवरदेवाच्या तोंडावर ऊन. हे आतून कडी धरून उभे. कडी हालत नाही. एक शब्द बोलाचा होता सायेब, माये हात आखडले, कोनी इकडं या. एवळंच. नाही बोलले. म्हनले, चावी सापडून नाही राहिली. अन् गेटाले कुलूपच नव्हतं! नवरदेवाच्या मामानं गेटावरून उडी मारली, एका हातानं कडी सरकवली, बँडवाले हासले. अन् हे तिथंच उभे, दोन्ही हात पाठीमागं बांधून, जसा मोठा सायेब उभा राह्यते तसे. संध्याकाळी भावाचा फोन आला, ताई, भाऊजीले घेऊन जाय.

भाजीची गाडी बी लावून पाह्यली. तं भाजीचा हर्रास पहाटे. पेपर टाकाचं काम भेटत होतं, तेबी पहाटे. दुधाचं काम, तेबी पहाटे. मले तं वाटे देवानं सारी दुनियाच सकाळची बनवली, अन् यायच्यासाठी दुपारचं काहीच ठेवलं नाही. घरात बसले का येरझारा घालत. या खोलीतून त्या खोलीत, त्या खोलीतून या खोलीत — दोनच तं खोल्या हायेत. मी लोकाईच्या घरी पोळ्या कराले जाओ, परत येओ तं चटईवर पायायची वाट पडेल दिसे.

तवा तुमच्या ठेकेदाराकडं जागा निघाली. परीक्षा घेतली त्यायनं, व्हॉल्व फिरवून दाखव म्हने. मे महिना, दुपारचे दोन, चावी तव्यासारखी तापेल, अन् त्या उन्हानं यायचे हात असे मोकळे झाले होते का फिरवून देला! लागले कामावर. अन् पाळी दुपारची! चारला पानी सोडाचं. म्हनलं, चला, कोनीतरी यायच्यासाठी दुपारचं काम काढलं. दोन वर्सं सायेब, एक दिवस तक्रार आली का? इचारा ठेकेदाराले. पानीवाले भाऊ म्हनत लोकं. चालनं बदललं यायचं. रस्त्यानं जाता जाता व्हॉल्वच्या झाकनावर पाय आपटून पाहत, जसा शेतवाला बांधावर पाय आपटते.

अन् दिवाळीनंतर पाळी सकाळची झाली. कोनी केली, काहून केली, आमाले काय माहीत. दुपारची मांगून घ्या, म्हनलं मी. काय कारन सांगू, म्हने. कारन सांगाचंच नव्हतं त्यायले. मंग पहाटे उठत, गंजात पानी तापवत, अन् त्यात मनगटापर्यंत हात बुडवून बसत — सातपर्यंत बोटं मिटली पायजे म्हनून. पानी थंडं झालं का पुन्हा तापवत. मी झोपल्याचं सोंग करो. बाईनं पाह्यलेलं आवडत नाही त्यायले. थंडी वाढली तसं तेबी पुरेना. एक दिवस मफलर घराशी राह्यला म्हनून मी मागं गेली — हे खरंच हाय सायेब, मफलरचं खोटं नाही — तं हे रस्त्याच्या कडेले बसेल. चावी व्हॉल्ववर उभी, व्हॉल्व अर्धा फिरेल, अन् हे तिच्याकडं पाहून राहिले. कॉलनीतल्या बाया फाटकात येऊन उभ्या, बालट्या हातात. मले म्हने, जाय घरी. मी नाही गेली. मी चावी धरली.

कसं सांगू तुमाले. पहिले काहीच होत नाही. वाटते आपन सारा रस्ताच फिरवून राहिलो. खांदा लावा लागते, पोटातून जोर काढा लागते, जसा जात्याले पहिल्या फेऱ्याले लागते न, तसा, पन त्याच्या कितीतरी पट. अन् मंग एकाएकी सैल पडते, अन् पायाखालून पानी जाते. दिसत नाही. पन तळपायाले समजते. अन् मंग एकेका घरातून नळाचा आवाज येते, पहिले हवा, फुर्रर्र, मंग पानी. मी तिथं रस्त्यात उभी राहून हासली सायेब. यायच्याकडं ध्यानच नाही राह्यलं मायं.

तवापासून जाते मी. लिहून घ्या, हाव, मीच जाते. सुरुवातीले हे संगं येत, चावीले हात लावून उभे राहत, लोकाईले दाखवाले. मंग चालनंबी होईना तं एकटी. नियमात नाही म्हनता? बाईचं नाव नाही लागत? मानूस आजारी पडला तं नियमात दुपारची पाळी हाय का मंग? तेबी नाही. मंग हाय काय त्या नियमात? — नाही, तुमच्यावर नाही रागावत मी. तुमी तं माया लहान भावासारखे हा. चहा घ्या. निवला का? मी आता उठू शकते का… काही नाही, पाच मिनिटं राह्यले म्हनून. महादेवरावाले इचारा, पानी कमी आलं का एक दिवस तरी? केशरबाई हाय तिथं, पिवळ्या घरातली, कप घेऊन उभी राह्यते मायासाठी. पौर्णिमाताई आली, हंडे काढा, म्हनते. पौर्णिमाताई! इतक्या घरी पोळ्या केल्या मी, पोळ्यावाली बाई आली, पोळ्यावाली बाई गेली, नाव नाही इचारलं कोनी. अन् इथं सारी कॉलनी मायी वाट पाह्यते. आजारी पडली नाही मी या थंडीत, एक दिवस नाही. सुटीच्या दिवशीबी मले जाग येते अन् हात शिवशिवतेत. हे मंग मले म्हनले न, सोमवारी — नवीन औषध चालू केलं न डॉक्टरनं, त्याचा गुन आला यायले — सोमवारी पहाटे मले उठवलं अन् म्हने, पाह्य. मूठ करून दाखवली. पुरी मूठ. माया हात धरून दाबला त्या मुठीत, दुखला मले. आज मी जातो म्हने. अन् मी काय म्हनलं सायेब? थंडी हाय, झोपा. दुसऱ्या दिवशी ते माया आधी उठले, खाटेखाली चावी पाहून राहिले. खाटेखाली नव्हती. मीच रात्री धान्याच्या कोठीमागं ठेवली होती. म्हनलं केशरबाईच्या घरी राह्यली. काळजीनं म्हनलं जी, पुन्हा आखडतीन बोटं थंडीनं, चार दिवस चांगले जाऊ द्यावं, मंग… आता बरं वाटाले लागलं तं घाई कायले…

नाही. द्याची नव्हती मले.

तवापासून इचारत नाहीत ते. सकाळी पडून राह्यतेत तोंड भिंतीकडं करून. मी समजली पुन्हा आखडले. समजली म्हंजे — समजून घेतलं मी. सोपं होतं न ते. यायले काम नाही तं काय होते ते मले माहीत नाही का? मायाइतकं कोनाले माहीत हाय? चटईवरची वाट मीच तं…

तुमी कवापासून उभे हा आतल्या दारात?

नाही, हे इंगोले सायेब, ठेकेदाराचे… चहा घेऊन राहिले… मी असंच बोलत होती, तुमी काहून उठले? पाय टेकतेत का? अहो — तिकडं काय पाह्यता, कोठीमागं काही नाही… 

…

माहीत होतं त्यायले. पाह्यलं न सायेब तुमी? सरळ गेले अन् हात घातला. शोधली नाही. अन् तुमाले नमस्कार केला, मले काहीच नाही. चावी खांद्यावर टाकून गेले बी.

जाऊ द्या. त्यायचंच काम हाय. सात वाजले? वाजू द्या. मी नाही जात मागं. गेली तं म्हनतीन, आली चौकशी कराले. पहिला व्हॉल्व जड हाय, जरा तिरपं उभं राहा लागते, सांगाचं राह्यलं. सांगू तरी कसं, त्यायनंच मले दाखवला होता तो. अन् नाही फिरला तं? त्या बाया फाटकात, अन् महादेवराव वर गॅलरीत. कोनाले म्हननार नाहीत ते, इकडं या. रस्त्यात उभे राह्यतीन हात मागं बांधून. तुमी पाहा न जरा दारातून, पेटी दाराजवळच हाय. दिसतेत? वळले का रस्त्याले? थांबले? कुठं थांबले? नळाच्या खांबापाशी? बसले तं नाहीत न — उभे हायेत. मंग जात काहून नाहीत?

इकडं पाहून राहिले?

हात करून राहिले म्हनता. कोनाले, तुमाले? नीट पाहा सायेब, तुमाले का मले? तुमाले बलावत असतीन, कामाचं दाखवाले… सरका, सरका जरा बाजूले.

मले.

आली जी! आली, थांबा तिथंच, पुढं नोका जाऊ! — चप्पल कुठं गेली मायी… कागदावर काय लिहाचं ते लिहा तुमी सायेब, एकाचं नाव लिहा, दोघायचं लिहा, नाही तं कोनाचंच नोका लिहू, पन उठा आता. चहा राह्यला तं राह्यला. उठा न! कुलूप लावाचं हाय मले.